माशांच्या जागी रिकाम्या चौकटी

रामदासपेठेत डोळ्यांच्या एका दवाखान्यासमोर, बंगल्याच्या गॅरेजमध्ये मी तीन वर्षं नोकरी केली. गॅरेजला फरशी घालून, आतून पांढरा रंग देऊन मालकांनी तिथे कॉम्प्युटर टायपिंगचं केंद्र काढलं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि नागपुरात तेव्हा लोक कॉम्प्युटर नुसता बघायलाही यायचे. चपला बाहेर काढून आत यायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे.

त्याआधी मी सीताबर्डीवर एका वकिलांकडे टाइपरायटरवर काम करायची. मशीनची भीती वाटत नाही, एवढ्या एका गुणावर मालकांनी मला ठेवून घेतलं. कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक मी डबा खाता खाता वाचायची. त्यातलं अर्धं कळायचं. मालकांना तेवढंही कळत नव्हतं, त्यामुळे वर्षभरात मीच तिथली जाणकार ठरले. कोणी काही विचारलं की मालक माझ्याकडे बोट दाखवायचे. मला ते आवडायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एप्रिलमधल्या एका दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, सुती पातळ नेसलेल्या, डाव्या डोळ्यावर पट्टी. दवाखान्यातून निघून सरळ रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्या होत्या. कळमेश्वरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या आणि त्यांना पीएच.डी.चा प्रबंध टाइप करून हवा होता.

"चित्रं बसवता येतात म्हणे तुमच्या मशीनवर?" त्यांनी विचारलं.

"येतात," मी म्हटलं. तोवर मी एकच चित्र बसवलं होतं, एका लग्नपत्रिकेवरचा गणपती.

त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची फाईल काढली. आत पोस्टकार्डाएवढ्या ट्रेसिंग पेपरवर काढलेली बत्तीस चित्रं होती. कन्हान नदीतल्या लहान माशांचे जबडे आणि दात. सूक्ष्मदर्शकातून बघत त्यांनी ती स्वतः काढली होती, पेनातल्या काळ्या शाईनं, कारण तेच पेन त्यांच्या हाताच्या सवयीचं होतं. एकेका दाताची सावली बारीक बारीक ठिपक्यांनी भरलेली. मी तसलं काम आजवर पाहिलं नव्हतं. मी मासे खाते, पण माशाला घशातही दात असतात हे मला त्या दिवशी कळलं.

कित्येक वर्षं दर रविवारी त्या एस.टी.नं कळमेश्वरहून नागपूरला आणि नागपूरहून कन्हानला जात होत्या. नदीवर मासे विकणाऱ्या बाया त्यांच्यासाठी वेगळे मासे बाजूला काढून ठेवायच्या, कोणी विकत घेत नाही असे, बोटाएवढे. "मास्तरीणबाईचे मासे," असं त्या म्हणायच्या. आता साखरेच्या आजारानं या मॅडमचा डावा डोळा गेला होता. उजव्याबद्दल समोरचे डॉक्टर काही नक्की सांगत नव्हते. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवून दिली होती आणि तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. जूनअखेर प्रबंध द्यायचा होता.

"डोळा शाबूत होता तोवर काढून ठेवली, हे बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता एक रेघही सरळ येत नाही मले."

काम सुरू झालं. मालकांच्या मुंबईच्या साडूंनी एक हातात धरायचा स्कॅनर आणून दिला होता, कपड्यांच्या ब्रशासारखा दिसणारा. तो चित्रावरून एका चालीनं ओढायचा. हात जरा थरथरला की जबडा वाकडा. एकेक चित्र मी पाच-पाच, सहा-सहा वेळा ओढायची. मॅडम दर शनिवारी दवाखान्यात यायच्या आणि तिथून आमच्याकडे. पहिलं चित्र पडद्यावर दिसलं तेव्हा त्यांनी चांगला डोळा काचेला लागेल इतका जवळ नेला.

"मागची दातांची ओळही आली वं!" त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचं समजायला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या वर्ड प्रोसेसरमध्ये टाइप करताना चित्र दिसत नसे. काळ्या पडद्यावर मजकूर असे आणि चित्राच्या जागी नुसती रेघांची चौकट. चित्र बघायचं तर वेगळी कळ दाबून पान पूर्ण रूपात पाहावं लागे, आणि त्याला एवढा वेळ लागे की तोवर मी माठातलं पाणी पिऊन यायची. म्हणून आम्ही चौकट बघूनच समाधान मानायचो. चौकट आहे म्हणजे आत मासा आहे.

चित्र बसवताना मशीन दर वेळी एक प्रश्न विचारायचं. चित्र या दस्तऐवजाच्या आत ठेवायचं, की बाहेर डिस्कवर? सुरुवातीची चित्रं मी आत ठेवली. चौथ्या प्रकरणापर्यंत आल्यावर मशीन अडायला लागलं. एक ओळ टाइप केली की ती दिसायला वेळ लागे, मध्येच सगळं गोठून जाई. मी पुस्तक काढलं. तिथे लिहिलं होतं, चित्र डिस्कवर ठेवलं तर दस्तऐवज लहान राहतो आणि काम लवकर होतं. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. त्या मी तेव्हा वाचल्या होत्या की नाही, हे मला आजही आठवत नाही. वाचल्या असतील तर कळल्या नसतील. मी मालकांना विचारलं.

"ज्यानं लवकर होते ते कर ना," मालक म्हणाले. "विचारून काहून राहिली?"

मी आधीचीसुद्धा सगळी चित्रं काढून पुन्हा त्या दुसऱ्या पद्धतीनं बसवली. मशीन पळायला लागलं. त्या दिवशी मी खूश होऊन घरी गेले होते.

मग मे आला. कॉम्प्युटरला थंडावा हवा म्हणून मालकांनी खिडकीत मोठा कूलर बसवला होता. एका सकाळी मालकांनी केंद्र उघडून कूलर लावला आणि ते बंगल्यात चहाला गेले. वरच्या पाण्याच्या नळीची जोडणी निसटली होती. पाणी गवताच्या ताटीवर पडायचं ते आत उडत राहिलं. खिडकीखालच्या स्टुलावर मॅडमची फाईल होती. आदल्या संध्याकाळी मीच ती तिथे ठेवली होती, कारण टेबलावर जागा नव्हती.

मी आले तेव्हा फरशीवर पाणी होतं आणि फाईलचा पुठ्ठा फुगून वर आला होता. आतले कागद एकमेकांना चिकटून एकच गठ्ठा झाला होता. पंख्याखाली ठेवून, नखानं, सुरीच्या पात्यानं मी ते सुटे करून बघितले. जिथे सुटले तिथे शाई पसरली होती, जिथे शाई होती तिथे कागद फाटत होता. दुपारपर्यंत माझ्यासमोर निळसर काळ्या डागांचे तुकडे होते. त्यातला एक डाग मरळीचा होता, पण तो कोणता, हे मला सांगता आलं नसतं.

शनिवारी मॅडम आल्या. मी ते तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. मालक बोलणार होते, पण ऐन वेळी त्यांना बंगल्यात काही काम निघालं. मीच सांगितलं. मॅडमनी वर्तमानपत्र उघडलं, एक तुकडा डोळ्याजवळ नेला, मग पुन्हा घडी घातली. 

"पण कॉम्प्युटरात आहेत ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आहेत मॅडम. सगळी आहेत. बत्तीसच्या बत्तीस."

"दाखव एक."

मी कळ दाबली. आम्ही दोघी थांबलो. पान आलं, आणि त्यावर शिंगाळ्याचा जबडा होता, ठिपक्यांसकट. मॅडमनी श्वास सोडला. "मग कागदाचं काय घेऊन बसलीस?" त्या म्हणाल्या. "कागद कधी ना कधी खराब होणारच होते." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पडद्यावर एक ठिपका दिसायला लागला. टाइप करताना मध्येच यायचा आणि चेंडूसारखा कडांवर आपटत फिरायचा. अक्षरांवरून गेला की अक्षरं पुसायचा. मालक घाबरले. मशीन विकणाऱ्याकडचा इंजिनिअर आला, टाय लावलेला, घाईत असलेला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "व्हायरस है. पूरी डिस्क साफ करनी पडेगी." साफ करण्याआधी हवं ते फ्लॉप्यांवर काढून घ्या, असं त्यानं सांगितलं आणि माझ्यासमोर कागद सरकवला. "लिस्ट बनाओ, क्या क्या चाहिए."

मी यादी केली. ती यादी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. एका वकिलाचे अर्ज, एका शाळेच्या प्रश्नपत्रिका, आणि मॅडमची सहा प्रकरणं, प्रत्येकाचं नाव नीट लिहिलेलं. डिस्कवर चित्रांच्या बत्तीस फायली वेगळ्या होत्या. त्यांची नावंही समोरच्या पडद्यावर होती, म१ पासून म३२ पर्यंत, इंग्रजीत. मला वाटलं, चित्रं तर प्रकरणात बसवली आहेत, मग हे सुटे तुकडे कशाला? फ्लॉप्या तशाही कमी होत्या. मी ती नावं यादीत लिहिली नाहीत.

त्यानं डिस्क साफ केली आणि तो गेला. मी प्रकरणं पुन्हा आत घेतली, उघडून बघितली. मजकूर होता, मजकुराच्या मध्ये चौकटी होत्या, सगळं जिथल्या तिथे. मी शेवटची दुरुस्ती करायला बसले.

छपाईला जूनचा दुसरा आठवडा उजाडला. आमच्या टाचण्यांनी ठिपके मारणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर चित्राचं एक पान छापायला अर्धा तास लागायचा, म्हणून तपासणीच्या सगळ्या प्रती आम्ही चित्रं वगळून काढल्या होत्या. मॅडमच्या हौसेखातर फक्त एक पान चित्रासकट छापलं होतं, तेही एप्रिलमध्येच. आता खरी प्रत काढायची होती. मी चौथ्या प्रकरणाचं पहिलं चित्राचं पान लावलं. प्रिंटर चर्र चर्र करत दोन मिनिटांतच थांबला. इतक्या लवकर थांबला म्हणून मी कौतुकानं उठले. पानावर मजकूर होता, खाली 'आकृती ९' असं होतं, आणि मध्ये रिकामी चौकट होती.

मी कळ दाबून पडद्यावर पान बघितलं. चौकट रिकामी. दुसरं पान, तिसरं पान. सगळी प्रकरणं. माशांच्या जागी पांढरं.

पुढचे चार दिवस आम्ही काय काय केलं ते सांगून कोणाला खरं वाटणार नाही. प्रिंटरची केबल बदलली. मशीन बंद करून दोन तास थंड होऊ दिलं. पडद्याच्या जोडणीत धूळ असेल म्हणून मालकांनी फुंकर मारली, मग मशीन उघडून आतलं कार्ड काढलं, रबरानं पुसलं आणि परत बसवलं. मेमरी कमी पडत असेल म्हणून मी बाकीचं सगळं काढून टाकलं. वर्ड प्रोसेसर पुन्हा नव्यानं चढवला. धरमपेठेतल्या एका ओळखीच्या ऑफिसात फ्लॉप्या घेऊन सायकलनं गेले, दुपारी दोनच्या उन्हात, फ्लॉप्यांना ऊन लागू नये म्हणून ओल्या रुमालात प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून. तिथल्या मशीनवरही चौकटी रिकाम्या आल्या. तिथल्या माणसानं विचारलं, "चित्रं कशी बसवतात, मले पण शिकवा ना." मी फ्लॉप्या परत रुमालात गुंडाळल्या.

इंजिनिअर फोनवर म्हणाला, व्हायरसनं खाल्ली असतील. शेवटी मालकांनी मुंबईच्या साडूंना एस.टी.डी. लावला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"चित्रं आत ठेवली होती की डिस्कवर?"

"डिस्कवर."

"मग दस्तऐवजात फक्त फाईलचं नाव आणि जागा लिहिलेली असते. चित्र नसतं. दर वेळी तो तिथे जाऊन चित्र आणतो. चित्रांच्या फायली कुठे आहेत?"

मी फोन कानाला लावून उभी होते. साडू "हॅलो, हॅलो" करत राहिले. मालकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

मी खुर्चीवर बसले आणि पुस्तक उघडलं. त्या पानावर त्या दोन ओळी होत्या. दस्तऐवज दुसरीकडे नेताना चित्रांच्या फायलीही सोबत न्याव्यात. साध्या, सोप्या इंग्रजीत.

साफ केलेल्या डिस्कवरून फायली परत मिळतात का, म्हणून इंजिनिअरला पुन्हा बोलावलं. तीन आठवडे आम्ही त्याच डिस्कवर दुसरं काम भरत होतो. त्यानं बघितल्यासारखं केलं आणि मान हलवली.

"मॅडमले सांगायचं, व्हायरस आला म्हणून," मालक मला म्हणाले. "खोटं नाही ते. आलाच होता ना?"

शनिवारी मी तेच सांगितलं. मॅडम खुर्चीवर बसल्या, हातात पिशवी तशीच. "सगळी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी एक पान दाखवायला सांगितलं. रिकाम्या चौकटीवर त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, कडेकडेनं, चारी बाजूंनी. मग म्हणाल्या, "याच्यात वामीचा जबडा होता," आणि उठून गेल्या. रस्ता ओलांडताना त्या दोन्ही बाजूंना दोनदोनदा बघत होत्या, एका डोळ्यानं अंदाज येत नव्हता म्हणून.

सोमवारी मी रजा टाकली, कळमेश्वरची एस.टी. धरली आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. त्या ओसरीत पेपर तपासत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डिस्कचा प्रश्न, यादी, म१ ते म३२, पुस्तकातल्या दोन ओळी. व्हायरसनं नाही, मी घालवली. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यासाठीच गेले होते, असंही म्हणता येईल.

"तुले माहीत नव्हतं ना?" त्या म्हणाल्या.

"नव्हतं. पण विचारायला पाहिजे होतं."

"कोणाले विचारणार होतीस?"

अख्ख्या नागपुरात तेव्हा मला असा कोणी माणूस माहीत नव्हता.

त्यांनी मला जेवून जायला लावलं. भाकरी मोडताना त्या म्हणाल्या, "आपण पुन्हा काढून बघू. थोडी तर निघतील."

पंधरा दिवस उरले होते. मॅडमच्या मार्गदर्शकांकडे जुन्या झेरॉक्स प्रती निघाल्या, नऊ चित्रांच्या, फिक्या, ठिपके गळालेल्या. हौसेखातर छापलेलं ते एक पान होतं. अशी दहा झाली. उरलेल्या बावीसांसाठी मॅडम रोज आमच्याकडे यायला लागल्या. कॉलेजातून सूक्ष्मदर्शक आणि मासे राखून ठेवलेल्या बाटल्या आणल्या. खिडकीजवळ टेबल लावलं. मी त्यांच्या बाजूला बसून कागद धरायची, रेघ कुठवर आली ते सांगायची.

"दात टोकदार आहे की बोथट?" त्या विचारायच्या.

मी सूक्ष्मदर्शकातून बघायची. मला सगळं पांढुरकं दिसायचं. "टोकदार वाटतो."

"वाटतो म्हणू नको. बघ नीट."

मी परत बघायची, परत मला कळायचं नाही. त्या स्वतः बघायच्या, डोळ्यातून पाणी यायचं, पुसायच्या, पेन टेकवायच्या आणि टेकवलेली जागा बोटभर चुकलेली असायची. एका दिवसात एक चित्र, तेही अर्धं. मी म्हटलं, मी काढते, तुम्ही सांगा. मी काढलेला जबडा बघून त्या पहिल्यांदाच हसल्या. "हा कंगवा आहे, पोरी," म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "राहू दे. तू खूप केलं."

तीन चित्रं झाली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक बंद करायला सांगितलं. ताण पडून उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. त्या दिवशी मॅडमनी बाटल्यांची झाकणं एकेक करून घट्ट लावली, सूक्ष्मदर्शकाला कापड गुंडाळलं आणि म्हणाल्या, "जेवढं आहे तेवढं देऊन टाकू."

तेरा चित्रांचा प्रबंध गेला. एकोणीस चौकटी मी स्वतः एकेक करून पुसल्या, उरलेल्या आकृत्यांना नव्यानं क्रमांक दिले, आणि जिथे जिथे "आकृती पाहा" होतं तिथे तिथे ते वाक्य काढलं. पाचव्या प्रकरणात नुसती वर्णनंच उरली.

वर्षाच्या आत प्रबंध परत आला. परीक्षकांनी लिहिलं होतं, काम कष्टाचं आहे, परंतु आकृत्यांवाचून निष्कर्ष पडताळता येत नाहीत, पुरेशा आकृत्यांसह पुन्हा सादर करावा. मॅडमनी ते पत्र मला दाखवायला आणलं. मी वाचून दाखवलं, कारण बारीक अक्षर त्यांना आता दिसत नव्हतं. कष्टाचं आहे, हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं.

पुन्हा सादर त्यांनी केला नाही. मी त्यांना दोनदा विचारलं, एखाद्या चांगल्या चित्रकाराला धरू, मी खर्च करते. त्या म्हणाल्या, "त्याले दात कोण दाखवणार?"

केंद्रात नवीन मशीन आलं, नवीन मुली आल्या. मालक त्यांना शिकवायला मलाच सांगायचे. चित्र बसवण्याची पाळी आली की मी त्यांना तो प्रश्न दाखवायची आणि दोन्ही पर्यायांत काय होतं ते समजावून सांगायची. एकीनं विचारलं, "ताई, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, पुस्तकात आहे, आणि पान उघडून दिलं. तिनं वरची ओळ वाचली आणि पान मिटलं. मी तिला पुन्हा उघडायला लावलं.

पुढे मी ती नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मॅडम समोरच्या दवाखान्यात होत्या म्हणून मी भेटायला गेले. बाकावर त्या डोळे मिटून बसल्या होत्या, डोळ्यात औषधाचे थेंब घातले होते. मी आवाज दिला तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि मी तो धरून शेजारी बसले. त्या त्यांच्या कॉलेजातल्या नव्या बॅचबद्दल बोलत होत्या. त्यातली एक मुलगी रविवारी कन्हानला येते म्हणाली आहे, असं त्यांनी सांगितलं. मग नर्सनं त्यांचं नाव पुकारलं आणि मी त्यांना दारापर्यंत नेऊन सोडलं.